यमुनाबाईच्या घरातलं भूकंपयंत्र

इंदिरानगरात सकाळी फिरायला निघालो की एक तरी गृहस्थ मला गाठतोच. "काय खैरनार, भूकंप कधी आहे?" जणू मी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसलोय आणि भूकंप म्हणजे सिन्नरची गाडी. नोकरीत होतो तोवर हसून वेळ मारून नेत होतो. आता सरळ सांगतो, माहीत नाही. जगात कोणालाच माहीत नाही. त्यावर हे लोक म्हणतात, "मग तुम्ही इतकी वर्षं केलंत काय?"

प्रश्न बोचतो, पण चुकीचा नाही. भूकंप होऊन गेला की तो कुठे झाला आणि किती खोल झाला हे शोधायचं, एवढंच माझं काम. चोर पळून गेल्यावर पंचनामा करायचा तसं. हुद्दा वैज्ञानिक सहायक. त्यातला 'सहायक' खरा, 'वैज्ञानिक' कागदावर. खात्याचं नाव मात्र लिहीत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

किल्लारीनंतरची काही वर्षं आमच्या ऑफिसातला फोन थंड म्हणून पडला नाही. भांडी वाजली, फोन. पंखा हलला, फोन. नाशिकरोडच्या एक बाई रोज सकाळी ठरल्या वेळी भूकंप कळवायच्या. यंत्र पुन्हा पुन्हा तपासलं, शेवटी त्यांच्या घरी जाऊन बघितलं, तर स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. हे सांगितल्यावर त्या इतक्या हिरमुसल्या की मलाच अपराध्यासारखं झालं. मनमाडच्या एका रेल्वेवाल्यांची तक्रार उलटी. पेपरात भूकंप छापून येतो आणि आम्हाला कसा तो जाणवत नाही? अहो, रुळाला लागून घर तुमचं, तुम्हाला काय जाणवणार, कपाळ! असल्या गिऱ्हाइकांवर मला हसवणारा लेख लिहायचा होता. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर आली ती सुरगाण्याकडची यमुनाबाई. आता तिच्याबद्दलच लिहितो.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. भूकंप झाला की जमिनीतून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक घाईची, एक सावकाश चालणारी. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, आणि मधल्या वेळावरून आपण म्हणतो, लांब पडली. तेच गणित. दोन लाटांमधल्या वेळावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं. कुठल्या दिशेला, ते कळत नाही. म्हणून नकाशावर आपल्या यंत्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. भूकंप त्या वर्तुळावर कुठेतरी. दुसऱ्या यंत्राचं दुसरं वर्तुळ काढलं की संशयाच्या दोन जागा उरतात. तिसऱ्या यंत्राने एक ठरते. तीन यंत्रं नसतील तर हात हलवून 'तिकडे कुठेतरी' म्हणायचं, आणि नोकरीतली निम्मी वर्षं मी तेवढंच म्हणत आलो. नाशकात एक यंत्र, एका धरणावर दुसरं, दोन्ही पूर्वेच्या अंगाला. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याचा डोंगराळ मुलुख गुजरातच्या हद्दीपर्यंत पसरलेला, आणि तिथे आमचं काही म्हणजे काही नव्हतं.

एका हिवाळ्यात तहसिलीतून फोन आला. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर जमिनीतून आवाज येताहेत, लोक घाबरलेत, तुमचं यंत्र काय म्हणतं? यंत्र काहीच म्हणत नव्हतं. असले बारके धक्के नाशिकला पोचेपर्यंत विरून जातात. येतो म्हणालो.

उचलून नेण्याजोगी दोन यंत्रं आमच्याकडे होती, त्यातलं एक बिघडलेलं. चांगलं ते जीपमध्ये टाकलं. यंत्र म्हणजे जमिनीवर ठेवायचा एक जड डबा आणि वायरीने त्याला जोडलेला फिरता ड्रम. ड्रमवर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर फिरवून त्याला काजळी धरायची आणि वर सुई टेकवायची. सुई काजळी खरवडत जाते, काळ्यावर पांढरी रेघ उमटते. जमीन हलली की रेघ थरथरते. कागद उतरवला की लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. माझी नखं कायम काळी. बायको म्हणायची, तुम्ही नोकरीला जाता की कोळशाच्या वखारीत?

आमचा ड्रायव्हर शकूरभाई मनमाडचा. घाटात गाडी चढवताना म्हणाला, "साहेब, जमीन बोलती है तो बोलने दो ना. आपण कशाला मधी तोंड घालायचं?"

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भात-नागली घरात येऊन पडली होती आणि निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेलेला. कुडाची दारं ओढून घेतलेली, अंगणं सारवलेली, आणि माणूस नाही. पोलिस पाटलाने चहा केला. मी कप तोंडाला लावला आणि अंगणातल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणजे आधी त्या आवाज करत होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. मग पायाखाली 'दण्ण' झालं. खाली तळघरात कोणीतरी जातं आपटावं तसं. हादरा असा नाहीच. हंड्यातल्या पाण्यावर बारीक गोल उमटले आणि मिटले.

कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. पाटील, त्याची बायको, दोन म्हातारे, सगळ्यांनी एकाच दिशेला मान वळवली. पाड्याच्या टोकाला, कातळावर एकटं घर होतं, तिकडे. मला वाटलं आवाज तिकडून आला. संध्याकाळपर्यंत आणखी काही आवाज ऐकले तेव्हा लक्षात आलं की आवाज कुठून येतो हे कोणालाच सांगता येत नाही. तो सगळीकडून येत होता. लोक नुसते सवयीने त्या घराकडे बघत होते.

"कोणाचं घर?" मी विचारलं.

"सोम्याचं. म्हणजे यमुनेचं आता," पाटील म्हणाला.

सोमा भोये विहिरी खणणारा. लोकांच्या विहिरी खणून झाल्यावर त्याने घरामागे स्वतःची धरली. पावसाळ्याच्या तोंडावर कड ढासळली आणि तो आत राहिला. लोक काढायला गेले तर आणखी कड आली. मग पाऊस लागला आणि काढणं राहूनच गेलं. पाऊस उघडला आणि आवाज सुरू झाले.

"तिला वाटतं तो हाक मारतोय," पाटील म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

त्याने माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "आम्हाला दुसरं काय वाटणार साहेब?"

आमच्या यंत्राला काय लागतं सांगू? खालती अखंड कातळ आणि वर शांतता. जनावरं नकोत, कांडण-दळण नको, पोरांची पळापळ नको. ज्या घरात कोणी हसत-खेळत नाही ते घर आमच्या यंत्राला सगळ्यात चांगलं. असलं घर त्या पाड्यावर एकच होतं. यमुनाबाई पस्तिशीची असेल. पोरबाळ नाही, गाय भावाकडे बांधलेली. तिची बोली मला हुबेहूब लिहिता येणार नाही, मला जमते तशी लिहितो. तिने डबा ठेवायला कोपऱ्यातली धान्याची कणगी स्वतः सरकवली आणि विचारलं, "ह्याला खालचं ऐकू येतं का भाऊ?"

"येतं," म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

मग माझ्या खेपा सुरू झाल्या. कधी दोन दिवस राहायचो, कधी पाटलाला कागद बदलायला शिकवून परत यायचो. कागदावर धक्के भरपूर येत होते. त्या घरात बसणं मात्र मला जड जायचं. यमुनाबाई काम करता करता मधेच थांबायची. हातातलं सूप तसंच धरून उभी राहायची. मी सुईकडे बघायचो, सुई सरळ चालत असायची. आणि मग, माझ्या मनात 'काही नाही' असं येतंय न येतंय तोच सुई उडायची आणि खालून दण्ण व्हायचं. घाईची लाट काहींना आधी जाणवते, हे मला ठाऊक होतं. कोंबड्यांना जाणवते, माणसालाही जाणवत असेल. ठाऊक असूनही मानेवरचे केस उभे राहायचे. आवाज झाला की ती भुईवर आडवी होऊन कान लावायची आणि हळूच म्हणायची, "हाय, हाय मी हितं."

कागद नाशिकला सबनीस मॅडमकडे जायचे. मॅडम आमच्या शास्त्रज्ञ. तरुण, हुशार, कामाला वाघीण, आणि कॉम्प्युटरवर भूकंपाची जागा काढणाऱ्या आमच्याकडच्या पहिल्या. माझ्या कंपासच्या वर्तुळांना त्या प्रेमाने 'खैरनारांची रांगोळी' म्हणायच्या. काही आठवड्यांनी त्या स्वतः जीपमध्ये बसून पाड्यावर आल्या. यमुनाबाईच्या अंगणात बॉनेटवर नकाशा पसरला. एवढे धक्के, आणि सगळे ठिपके एकाच जागी, एकावर एक.

"बघा खैरनार! बरोब्बर इथे. आपण उभे आहोत ना, याच्याच खाली!"

मीही खुळ्यासारखा खूश झालो. आयुष्यभर 'तिकडे कुठेतरी' म्हणणाऱ्या माणसाला एवढा नेटका ठिपक्यांचा घोळका बघायला मिळणं म्हणजे काय ते इतरांना कळायचं नाही. आम्ही दोघं नकाशावर वाकलेलो, आणि मागे यमुनाबाई पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने पेले ओट्यावर ठेवले आणि घरामागे निघून गेली. तेव्हा आम्ही ते मनावरही घेतलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर विहिरीशेजारी ताज्या दगडांचा ढीग. दोरी खाली सोडलेली, काठावर यमुनाबाई, आणि आत तिचा धाकटा भाऊ काशिनाथ. द्राक्षांच्या कामाला जायचा तो गेलाच नव्हता. मी काठावरून आत डोकावलो. एका बाजूची कड अर्धी सुटलेली, तिच्यात हात जाईल अशा भेगा, खाली खचलेल्या दगडमातीवर हा गडी पहार चालवतोय.

"अरे वर ये! मरशील!" मी ओरडलो.

तो वर आला, पण माझ्या सांगण्यावरून नाही, टोपली अडकली होती म्हणून. घाम पुसत म्हणाला, "साहेब, तुमच्याच बाईंनी सांगितलं ना, खाली हाय म्हणून? कागदावर दाखवलं. बरोब्बर हितं."

"अरे, भूकंप खाली आहे म्हणाल्या त्या!"

"आम्हाला काय कळतं त्यातलं? आवाज ह्याच जागी हाय, एवढं खरं ना?"

नकाशाप्रमाणे ते खरंच होतं.

यमुनाबाईला बाजूला घेऊन समजावलं. सोमा गेला, आता भावाला घालवू नका. ती ऐकून घेत होती, नजर विहिरीत. "त्यो एवढा हाका मारतोय भाऊ. कोणीच गेलं नाय तर काय वाटंल त्याला?" तेवढ्यात खालून दण्ण झालं. काशिनाथ पुन्हा आत उतरत होता, दोरीला लोंबकळलेला. कडेवरून दगड सुटले आणि खाली जाऊन आपटले. आम्ही त्याला ओढून काढला. चेहरा पांढराफटक, खांद्याला खरचटलेलं. वाटलं, सुटलो, आता थांबेल. अर्ध्या तासात पठ्ठ्या पुन्हा खाली.

मी त्याच दिवशी नाशिक गाठलं. मॅडमना सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले. मॅडमने कपाटातून छापील कागदांची चळत काढली आणि ओळीवर बोट ठेवत वाचायला लागल्या. मग बोट थांबलं.

"खैरनार, प्रत्येक धक्क्याची खोली एकच आलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे हललंच नाही हो."

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरला जागा शोधायला कुठून तरी सुरुवात करावी लागते. ज्या यंत्राकडे लाट सगळ्यात आधी पोचली, तिथेच भूकंप झाला असं तो आधी धरून चालतो आणि मग इतर यंत्रांच्या आकड्यांनुसार हळूहळू खऱ्या जागेकडे सरकतो. पण आमचे धक्के इतके बारीक की नाशिकला आणि धरणाला ते धड पोचतच नव्हते, आणि पाड्यावरच्या कागदावरही दुसरी लाट पहिलीपासून वेगळी ओळखू येत नव्हती. आकडे अपुरे, मग सरकणार कशाच्या जोरावर? बिचारा सुरुवातीच्याच जागी बसून राहिला. आणि ती सुरुवातीची जागा म्हणजे यमुनाबाईच्या घरातली कणगीची जागा, जिथे मी हौसेने यंत्र मांडलं होतं. सिन्नरला मांडलं असतं तर भूकंप सिन्नरला निघाला असता. असली चूक आमच्याच धंद्यात होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि म्हणाल्या, "दुसरं यंत्र उद्याच्या उद्या दुरुस्त करा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लावा. वर्तुळं तुम्ही हातानेच काढा, मला आता याच्यावर विश्वास नाही."

यंत्र दुरुस्त होईपर्यंत मी पाड्यावर जाऊन चूक सांगितली. काशिनाथने पहारीवर हनुवटी टेकवून ऐकलं. "तवा बरोब्बर व्हतं, आता चूक झाली. फुडल्या खेपेला काय सांगाल?" त्याच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

दुसरं यंत्र पलीकडे वनखात्याच्या एका पडीक चौकीत लावलं. तिथून पाड्यावर यायला अर्धा दिवस मोडायचा. इकडचा कागद, तिकडचा कागद, अशा येरझाऱ्या सुरू झाल्या. तीन वर्तुळं जमवायला नाशिकपर्यंत पोचेल असा थोडा मोठा धक्का हवा होता. काशिनाथ खाली असताना तो येऊ नये आणि तरी लवकर यावा, असा विचित्र नवस मी मनातल्या मनात करत होतो. माझं डोकंच चालेनासं झालं होतं.

तो धक्का आला बाजाराच्या दिवशी. देवच पावला म्हणायचा. पाड्यावर माणूस नव्हतं. यमुनाबाई आणि काशिनाथ बाजाराला गेलेले, पाटीलही गेलेला, शकूरभाई डिझेल आणायला. मी एकटा यमुनाबाईच्या घरात सुईसमोर बसलो होतो. कुडाच्या फटींतून भर दुपारचं ऊन आत आलेलं. सुई उडाली, खालून नेहमीपेक्षा मोठा आवाज झाला, छपरातून भुसा गळला. मागे विहिरीत काहीतरी मोठं कोसळलेलं ऐकू आलं. धावत गेलो. सुटलेल्या कडेचा एक लचका आत गेला होता. काशिनाथ रोज उभा राहायचा त्या जागेवर.

परत येऊन सुईसमोर बसलो. रेघ शांत झाली होती. आणि मग तिने एक बारीक टोक काढलं. लगेच दुसरं. थोडी जागा सोडली. पुन्हा दोन. थोडी जागा. पुन्हा दोन.

पायाला काहीच जाणवत नव्हतं, कानाला काही नव्हतं. वाटलं, कोणीतरी कांडतंय. बाहेर येऊन घराला फेरी मारली, पाड्यातून चालत गेलो, प्रत्येक दारापाशी थांबलो. सगळी दारं ओढलेली. वारा नाही, पान हलत नाही. परत आलो तर सुई तेच काढत होती. दोन, आणि जागा. दोन, आणि जागा. मी ड्रमवरची वायर काढून पुन्हा जोडली. श्वास धरून बसलो. माझ्या हृदयाचे ठोके तर नाहीत म्हणून नाडीवर बोट ठेवलं. ते भीतीने कितीतरी जोरात पळत होते. विहिरीकडचं दार मी लावून घेतलं. लाज वाटते म्हणायला, पण शकूरभाईच्या जीपचा आवाज येईपर्यंत मी भिंतीला पाठ टेकून बसलो होतो.

खचलेल्या ढिगात पाणी ठिबकत असेल. दगड आपापल्या जागी बसत असतील. असल्या खुणांना आमच्याकडे 'स्थानिक गोंगाट' म्हणतात आणि त्या सोडून देतात. पलीकडच्या चौकीतला कागद नंतर काढून बघितला. त्यावर मोठा धक्का होता, नाशिकला होता, धरणावर होता. हे ठोके कुठेच नव्हते. ते फक्त यमुनाबाईच्या घरात होते.

वर्तुळं काढली. मॅडमने ती पुन्हा पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, आता जा. मी पाड्यावर गेलो. काशिनाथ कोसळलेली कड उपसायच्या तयारीत, पहार खांद्यावर. "थांब, आधी हे बघ," म्हणून मी अंगणात तीन खुंट्या ठोकल्या. ही नाशिककडची, ही चौकीची, हे यमुनाबाईचं घर. धरण सोडून दिलं, तीन पुरे होते. प्रत्येक खुंटीला दोरी बांधली, अंतराच्या प्रमाणात लांब-आखूड, आणि दोरीच्या टोकाला काडी धरून सारवलेल्या भुईवर वर्तुळं ओढली. तिन्ही रेघा यमुनाबाईच्या खुंटीपासून बऱ्याच दूर, तुळशीच्या पलीकडे एकमेकींना भेटल्या.

यमुनाबाई त्या जागी जाऊन उभी राहिली. "हितं कोणतं गाव पडतं?"

"गाव नाही. दोन डोंगर पलीकडे, जंगलाच्या खाली. आणि लय खोल. विहिरीवर विहीर ठेवत गेलात तरी पोचणार नाही."

"हितं माझा माणूस नाय."

"नाही."

"म्हणजे त्यो हाक नव्हता मारत."

"नाही बाई. तो आवाज त्याचा नव्हता."

ती खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. मला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. मग तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "आन् फकस्त हितलं? ह्या घरातलंच असं काय आलं का कागदावर?"

नाही म्हणायला काय लागत होतं? काशिनाथच्या हातात पहार होती. हो म्हणालो तर तो पुन्हा उतरणार आणि यावेळी वर येणार नाही, हे मला दिसत होतं. पण आधी 'बरोब्बर इथे' सांगितलं, मग 'चूक झाली', आता 'दोन डोंगर पलीकडे'. त्याच्यावर चौथं, तेही खोटं, चढवायला माझी जीभ वळेना. मी कागद उलगडला. पाणी असेल, दगड बसत असतील, आधीच सांगतो, असं म्हणत तिला ते बारीक ठोके दाखवले.

तिने काळ्या कागदावरून बोट सरकवलं. दोन, आणि जागा. दोन, आणि जागा. आणि ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"दोन घाव घालायचे आन् दम खायचा. दुसरे लोक धडाधड मारत्यात आन् लवकर थकत्यात. त्याची रीत हीच."

काशिनाथने पहार उचलली.

"ठेव ती," यमुनाबाई म्हणाली.

"अगं ताई, पण..."

"ठेव म्हणते ना. हाक मारीत व्हता तवर गोष्ट येगळी व्हती. आता त्यो कामात हाय. कामात कोणी मधी आलेलं त्याला खपत नाय, तुला ठावं हाय ना?"

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. त्याने पहार भिंतीला टेकवली. त्याच आठवड्यात तो दिंडोरीला द्राक्षांच्या कामाला गेल्याचं पाटलाने पुढे कळवलं. पुढच्या पावसात उरलेली कडही आत गेली. तेव्हा विहिरीत कोणी नव्हतं. आमच्या अहवालात मोठ्या धक्क्यांची जागा आली, खोली आली, मॅडमची चूक मॅडमनेच लिहिली. ठोक्यांबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

काशिनाथने पहार ठेवली त्या दिवशीच आम्ही यंत्र उचललं. जड डबा मी घेतला, ड्रम आणि बॅटऱ्या शकूरभाईने. मी उंबरठा ओलांडत होतो आणि माझ्या बुटांचा आवाज कातळावर खाडखाड झाला. यमुनाबाई मागून म्हणाली, "हळू चाला हो भाऊ."

जीपपर्यंत आम्ही दोघं पाय न वाजवता गेलो.